वाढत्या वयाची राखण

मूल लहान असते तेव्हा त्याला लस टोचून घेण्यासाठी आपण आठवणीने आरोग्य केंद्रात जातो. परंतु तेच मूल दहा वर्षांचे झाले की ते आता निरोगी आहे, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक दहा ते एकोणीस ही वर्षेच अधिक काळजीची होत. 2011 च्या जनगणनेनुसार या वयाची सुमारे 25 कोटी मुलेमुली आपल्या देशात होती, आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांत राहत होती.

पहिला धोका रक्तक्षयाचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या शंभर मुलींपैकी 59 व शंभर मुलग्यांपैकी 31 जणांना रक्तक्षय असल्याचे आढळले. मुलगी आळशी झाली, असे आपण म्हणतो. पुष्कळदा त्या आळसाचे मूळ रक्तात असते. झपाट्याने होणारी वाढ, मासिक पाळी, अनवाणी चालण्याने शरीरात शिरणारे जंत आणि सर्वांच्या मागून जेवण्याची रीत, ही त्याची कारणे होत. शाळेत व अंगणवाडीत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी. तिच्याबरोबर चहा घेऊ नये. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह शरीरास अधिक लाभते.

दुसरा धोका तंबाखूचा. 2019 मध्ये 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांची देशव्यापी पाहणी झाली, तीत 8.5 टक्के मुले तंबाखूचे सेवन करताना आढळली. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे. पण वडीलमाणसेच मुलाला तंबाखूची पुडी आणावयास दुकानी धाडू लागली, तर कायद्याने काय करावे?

तिसरा धोका अकाली विवाहाचा. वरील कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील 20 ते 24 वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी 27 जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झालेले होते. कोवळ्या वयातील बाळंतपण माता व अर्भक दोघांनाही धोक्याचे असते.

या तिन्ही संकटांत उपयोगी पडणारा एक आधार आहे, तो म्हणजे शाळा. निळी गोळी तेथेच मिळते, आणि शिकणाऱ्या मुलीचे लग्न सहसा लांबणीवर पडते. बिहार राज्याने 2006 मध्ये नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना आरंभिली. पुढे अभ्यासकांना असे दिसून आले की, माध्यमिक शाळेत जाणाऱ्या त्या वयाच्या मुलींचे प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढले. आणि शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा लाभ विशेष झाला. अडचण बुद्धीची नव्हती, वाटेची होती.

दुसरा आधार घरचा. ज्या घरात मूल मनातले भय बोलू शकते, तेथे व्यसन व निराशा यांना शिरकाव करणे कठीण जाते. बोलणे घरात जमत नसेल, तर 2022 पासून 14416 या दूरध्वनी क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो.

वाचकहो, आज रात्री जेवताना मुलीचे ताट आपल्या ताटाबरोबरच वाढा. मुलाला दिवसभराचे वर्तमान विचारा, आणि तो बोलत असता मध्येच उपदेश करू नका. याला पैसा लागत नाही. थोडा वेळ मात्र द्यावा लागतो.