डेलियाची छाटणी : काय खुडावे, काय राखावे

थंडीची चाहूल लागताच रोपवाटिकांमधून डेलियाची रोपे दिसू लागतात. शेवंती, झेंडू आणि गुलाब यांच्या पंक्तीत असूनही आकाराच्या भव्यतेमुळे आणि रंगांच्या वैविध्यामुळे डेलिया सहज उठून दिसतो. दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या उद्यानात (२०२३ साली त्याचे ‘अमृत उद्यान’ असे नामकरण झाले) किंवा हिवाळ्यात ठिकठिकाणी भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांत डेलियाची मोठाली फुले पाहिली, की आपल्याही अंगणात अथवा सज्जातील कुंडीत असे फूल उमलावे, अशी इच्छा अनेकांच्या मनात जागी होते. रोप आणले जाते, वाढतेही. परंतु फळ मात्र मनासारखे मिळत नाही. रोप सरळसोट उंच जाते, वाऱ्याच्या एका झोताने मोडते, फुले आली तरी लहान आणि माना टाकलेली असतात. पुढील वर्षी त्याच कुंडीतून काहीच उगवत नाही. मग दोष मातीला, खताला किंवा पाण्याला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण वेगळेच असते : योग्य वेळी कात्री चाललेली नसते. जोमाने वाढणाऱ्या रोपाचा शेंडा खुडण्यास कोणाचाही हात सहसा धजावत नाही.

मेक्सिकोहून आलेला पाहुणा

डेलियाचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिकेतील डोंगराळ प्रदेश. दसऱ्याच्या तोरणात मिरवणारा आपला झेंडूही मूळचा तिकडचाच. आणि ही दोन्ही झाडे सूर्यफुलाच्या कुळातील. १७८९ साली मेक्सिकोहून डेलिया स्पेनमधील माद्रिदच्या राजोद्यानात पोहोचला. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ अंतोनियो होसे काव्हानियेस यांनी १७९१ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेस दाल यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले. १९६३ साली मेक्सिकोने डेलियाला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला.

या वनस्पतीची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली, की छाटणीचे सारे नियम आपोआप उलगडतात. पहिले म्हणजे, तिची खोडे पोकळ व ठिसूळ असून पाने समोरासमोर जोडीने येतात. दुसरे म्हणजे, जमिनीखाली तिची मुळे फुगून कंद तयार होतात आणि त्यांत ती पुढील हंगामासाठी अन्न साठवते. वर फुलांचा खर्च आणि खाली कंदांची शिल्लक, असा हा दुहेरी व्यवहार आहे. मिळकत मात्र एकच : पानांनी सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न. ही मिळकत कोठे खर्च व्हावी, हे ठरविणे म्हणजे छाटणी.

शेंडा खुडण्याचे मर्म

रोपाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खाली उतरत असताना पानांच्या बगलेतील डोळ्यांची वाढ रोखून धरते. त्यामुळे शेंडा असेपर्यंत रोप एकाच दिशेने, उंच वाढत राहते. रोपावर पानांच्या तीन-चार जोड्या पूर्ण झाल्यावर वरचा कोवळा शेंडा पानांच्या जोडीच्या लगत वर चिमटीने खुडावा. शेंडा जाताच तो अंमल संपतो आणि प्रत्येक जोडीतून दोन बगलफुटी निघतात. रोप ठेंगणे, भरदार व वाऱ्याला तोंड देणारे होते. पहिले फूल त्यामुळे काहीसे लांबते खरे. परंतु एका फुलाच्या जागी सहा-आठ फुले येतात.

बियांपासून तयार होणारे बुटके डेलिया मुळातच फांद्या फोडतात. त्यांच्यावर एवढे कष्ट घेण्याची गरज नसते. उंच वाढणाऱ्या प्रकारांना मात्र शेंडा खुडण्याबरोबरच काठीचा आधारही आवश्यक असतो. ही काठी रोप लावतानाच रोवावी. नंतर रोवल्यास तिचे टोक कंदात शिरण्याची भीती असते.

एक फूल की अनेक?

कात्री हाती घेण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर निश्चित करावे. प्रदर्शनातील फूल २५ सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे असते, ते केवळ खताच्या जोरावर नव्हे. तसे फूल हवे असल्यास महाकाय फुलांचा प्रकार निवडावा लागतो आणि रोपावर एक किंवा फार तर तीन-चार फांद्या ठेवून बाकीच्या बगलफुटी लहान असतानाच काढाव्या लागतात. अंगण रंगांनी भरून जावे, अशी इच्छा असेल तर मध्यम वा लहान फुलांचा प्रकार घ्यावा आणि फांद्या मुक्तपणे वाढू द्याव्यात. लहान गोलाकार फुलांच्या पॉम्पॉन प्रकारातील कळ्या विरळ करण्याचे तर मुळीच कारण नसते. दोन्ही इच्छा एकाच कुंडीतून पुरविण्याचा प्रयत्न केल्यास फुले ना मोठी मिळतात, ना विपुल.

कळ्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. फांदीच्या टोकाला बहुधा तीन कळ्या एकत्र येतात : मधली मोठी आणि दोन बाजूंच्या लहान. मोठे फूल हवे असेल तर बाजूच्या दोन कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच हलक्या हाताने काढाव्यात. विलंब झाल्यास त्यांनी आपला वाटा आधीच घेतलेला असतो. त्याच वेळी खालच्या एक-दोन पेरांतील बगलफुटीही काढल्यास फुलाचा दांडा लांब व मजबूत होतो.

फुले तोडावीत, झाडावर सुकवू नयेत

फूल झाडावरच सुकू दिले, तर रोप बी धरण्याच्या कामाला लागते आणि नव्या कळ्यांचा ओघ मंदावतो. म्हणून उतरलेली फुले नियमितपणे काढावीत. येथे नवख्या माणसाची एक फसगत होते. पाकळ्या गळून गेलेले बोंड आणि नवी कळी ही दुरून सारखीच दिसतात. त्यांतील खूण अशी : कळी गोल व चपटी असते, तर सरलेले बोंड टोकदार व दाबल्यास मऊ लागते. टोकदार ते काढावे, गोल ते राखावे.

फुलदाणीसाठी फुले पहाटे, ऊन चढण्यापूर्वी काढावीत. डेलियाची मिटलेली कळी तोडल्यानंतर सहसा उमलत नाही. म्हणून जवळजवळ पूर्ण उमललेलेच फूल निवडावे. दांडा लांब घेऊन पानांच्या जोडीच्या लगत वर काप द्यावा. दांडा लांब घेतल्याने रोपाचे नुकसान होत नाही. उलट खालून नव्या, जोमदार फांद्या येतात.

जमिनीलगतची पाने, रोप चांगले वाढल्यावर, काढून टाकावीत. त्यामुळे हवा खेळती राहते आणि भुरी रोगाला आळा बसतो. डेलियाला विषाणूजन्य रोगही होतात व ते कात्रीच्या पात्यावरून एका रोपाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक रोपानंतर पाते स्पिरिटने पुसून घेण्याची सवय लावावी. पाने चट्टेरी, आकसलेली आणि रोप खुरटलेले दिसल्यास ते कंदासह काढून टाकणे श्रेयस्कर.

अखेरची छाटणी आणि कंदांची ठेव

मैदानी प्रदेशात फाल्गुन-चैत्राच्या सुमारास ऊन तापू लागले की बहर ओसरतो आणि रोप केविलवाणे दिसू लागते. बहुतेक घरांत याच वेळी ते मुळापासून कापले जाते. हाच सर्वांत महागात पडणारा काप होय. दिवस लहान असताना डेलिया कंद भरतो, आणि ते भरण्याचे काम हिरवी पाने करीत असतात. पाने आपणहून पिवळी पडेपर्यंत धीर धरावा, पाणी हळूहळू कमी करावे. त्यानंतर जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर खोड ठेवून रोप छाटावे. पोकळ खोडात पाणी साचल्यास कंदाचा माथा कुजतो. तेव्हा छाटलेल्या कुंड्या पावसाच्या वा पाण्याच्या माऱ्याखाली ठेवू नयेत.

कंद काढून सावलीत सुकवावेत व कोरड्या वाळूत अथवा नारळाच्या भुश्यात थंड जागी ठेवावेत. मधून मधून पाहून कुजलेले वेगळे करावेत. कंद विभागताना बटाट्याची आठवण ठेवू नये. बटाट्याला सर्वांगावर डोळे असतात, डेलियाचे डोळे मात्र कंद जेथे खोडाला जोडलेला असतो तेथेच असतात. तो भाग सोबत नसलेला कंद कितीही पुष्ट असला तरी त्याला अंकुर फुटत नाही.

ही जपणूक एवढ्यासाठी, की बियांपासून येणारे रोप मातृरोपासारखेच निघेल याची शाश्वती नसते. आवडलेले फूल जसेच्या तसे पुन्हा पाहावयाचे असेल, तर कंद किंवा त्याच्या कोंबापासून केलेले छाट कलम हेच मार्ग आहेत. कंद गेला, की ते फूलही बागेतून गेले.

बदलीच्या नोकरीत गाव सुटते, अंगण सुटते, लावलेली झाडे दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागतात. डेलियाचे कंद मात्र कागदी पिशवीतून सामानाबरोबर जाऊ शकतात. केवळ नव्या गावाचे पंचांग पाहावे लागते. पुणे, नागपूर, कोलकाता किंवा लखनऊ येथे लागवड पावसाळा संपताना होते आणि फुले हिवाळ्यात येतात. सिमला, दार्जिलिंग यांसारख्या थंड ठिकाणी लागवड वसंतात करावी, फुले उन्हाळ्यापासून शरदापर्यंत मिळतात आणि कडाक्याच्या थंडीपूर्वी कंद काढून घ्यावे लागतात. शेंडा कोठे खुडावा, कळी कोणती राखावी आणि पाने केव्हापर्यंत हिरवी ठेवावीत, हे नियम मात्र दोन्हीकडे तेच राहतात.