पिशवी काढून कामाचं दुखणं जात नाही

दसरा सरला की आपल्या मिरजगावातून नगर-सोलापूर रस्त्यानं ट्रक-ट्रॅक्टर जाऊ लागतात. वर भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या, लेकरं आणि बायाबापड्या. कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेजारच्या आष्टीकडच्या टोळ्या पाच-सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला निघालेल्या असतात. ऑफिसातल्या बायकांच्या आरोग्याबद्दल हल्ली पुष्कळ लिहून येतं. पण मैत्रिणींनो, उसाचा फड हेही कामाचं ठिकाणच की!

नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. ती पहाटे अंधारात उठून भाकरी थापते. मग ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. संध्याकाळी परत चूल आहेच. राहायला कोपी, तिथं ना संडास, ना न्हाणी. एक दिवस पडून राहिलं की 'खाडा' धरतात, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंड. त्यामुळे पाळीच्या दिवसांतही रजा नाही. कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. लघवीला जायची सोय नाही म्हणून बाई पाणीच कमी पिते. मग जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं मागं लागतं.

त्यावर उपाय काय सांगितला गेला? "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." पाळीची कटकट जाईल, खाडे वाचतील, असं बाईलाही वाटतं. २०१९ मध्ये हा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत जवळजवळ एक! देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात साधारण तीन आहे.

तिशीत पिशवी, आणि बरोबर बीजकोषही काढले, की पाळी जाण्याचे सगळे त्रास अकाली सुरू होतात. अंगाची आग होते, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. आणि त्याच कंबरेनं पुन्हा मोळी उचलायची असते. दुखणं कामाच्या जागेचं होतं, ती जागा काही बदललेली नसते.

पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधगोळ्यांनी बरं होतं. पुष्कळदा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. म्हणून टोळी निघण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, रक्तही तपासावं. ऑपरेशन सांगितलं तर घाई करू नये. आजार नेमका कोणता, दुसरा इलाज आहे का, बीजकोष राहणार का, हे न लाजता विचारावं. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील किंवा कशानेच न थांबणारा रक्तस्राव असेल, तर मात्र ऑपरेशनला भिऊ नये.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं कारखान्याच्या आतल्या कामगाराला पिण्याचं पाणी, संडास, पाळणाघर असे हक्क मिळाले. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारी बाई मात्र 'मुकादमाची' म्हणून बाहेरच राहिली. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी ऊस आहे, कारखान्याचा शेअर आहे. घरातल्या सभासदाला म्हणावं, वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर टोळीच्या संडासाचं आणि पाण्याच्या टाकीचंही विचारा.

आणि आपल्याच रानात टोळी उतरली, तर सभेची वाट कशाला बघायची? चार बांबू रोवून गोणपाटाचा आडोसा करावा, पाण्याचा पिंप भरून ठेवावा. त्याला ना ठराव लागतो, ना फार पैसा.