भूगर्भाचा प्रतिध्वनी

इंदापूर तालुक्यात विहीर खणताना आधी माती, मग मुरूम व त्याखाली काळा पाषाण लागतो, हे मुलांनी पाहिलेले असते. पाषाणाखाली काय आहे, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतो. न खणता त्याचे उत्तर शोधण्याची एक शास्त्रीय रीत आहे. तिचे मूळ प्रतिध्वनीत आहे.

मोकळ्या मैदानात उंच भिंतीपासून ८५ मीटरांवर उभे राहून दोन फळ्या एकमेकींवर आपटाव्यात. सुमारे अर्ध्या सेकंदाने प्रतिध्वनी येईल. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे अर्ध्या सेकंदात १७० मीटर. हे अंतर जाण्यायेण्याचे असल्यामुळे त्याचे निम्मे करावे.

भूगर्भाचा वेध असाच घेतात. लहानसा सुरुंग उडवून किंवा जड यंत्राने जमीन हादरवून कंपलहरी निर्माण करतात. खडकाची घनता व त्यातील लहरींचा वेग जेथे बदलतो, तेथून लहरींचा काही भाग परत फिरतो. भूपृष्ठावर ओळीने मांडलेली यंत्रे त्यांच्या आगमनाची वेळ नोंदवितात. या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की थरांच्या रेषा दिसू लागतात. रेषा मध्ये उंचावली असेल तर खाली घुमटासारखी रचना असावी. ती एकाएकी तुटून खालीवर झाली असेल तर तेथे प्रस्तरभंग असावा, असे अनुमान करतात.

परंतु नोंदीत मिळतो तो काळ, खोली नव्हे. लहर एका सेकंदाने परतली व तिचा वेग सेकंदास ३,००० मीटर धरला, तर थर १,५०० मीटर खोल ठरतो. वेग ४,००० मीटर धरला, तर तोच थर २,००० मीटरांवर जातो. म्हणून प्रत्यक्ष वेधनाचा पडताळा आवश्यक असतो. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखालील विस्तीर्ण उंचवटा अशाच सर्वेक्षणातून आढळला. तेथे तेल आहे, हे मात्र १९७४ साली ‘सागर सम्राट’वरून वेधन केल्यावरच सिद्ध झाले.

आपल्या भागात हे काम अधिक कठीण आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले असून काही घट्ट, काही सच्छिद्र आहेत. त्यांत लहरी विखुरतात व खालच्या खडकाचा प्रतिध्वनी क्षीण होतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे वेधन केले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली गाळखडकाचा पातळ थर व त्याखाली ग्रॅनाइट जातीचा प्राचीन खडक आढळला.

पाण्याच्या शोधासाठी बहुधा खडकाचा विद्युत्‌रोध मोजतात. तेही अनुमानच होय. कर्ज काढून कूपनलिका घेणाऱ्या कुटुंबास हा भेद ठाऊक असणे हिताचे आहे. पाणी खात्रीने लागेल असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर ‘कशावरून?’ असे नम्रपणे विचारण्याची सवय शिक्षकांनी मुलांना लावावी. प्रतिध्वनीच्या पाठाचे खरे फळ तेच होय.