संशोधन आपल्या पैशाचं, मग वाचायला कुलूप का?

डोंगरकड्यात (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) बसून हळदीच्या कंदकुजीवरचा शोधनिबंध मोबाईलवर उघडलात, तर अनेकदा फक्त सारांश दिसतो. पुढचं वाचायचं? डॉलरमध्ये पैसे भरा!

असं कुलूप नसलेलं संशोधन म्हणजे ‘ओपन ॲक्सेस’. कुणीही, कुठूनही, मोफत वाचावं.

मग सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना काय आहे?
२०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. पण ती वाचता येतात सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांतल्या विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधकांनाच. गावातला शेतकरी बाहेरच राहतो. म्हणजे हे ओपन ॲक्सेस नाही, देशाने मिळून भरलेली वर्गणी आहे.

आपल्यासाठी खुलं काय?
• शोधगंगा: देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध. हिंगोली जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचेही.
• भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची जर्नल्स: परिषदेने २०१३ मध्येच ओपन ॲक्सेस धोरण स्वीकारलंय.

अडचण एकच, यातलं बरंचसं इंग्रजीत आहे. कुलूप निघालं तरी भाषेची कडी उरतेच.