पंधरा दिवसांचा घास : ‘अ‍ॅजाइल’ कार्यपद्धतीची ओळख



आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका महोत्सव आटोपल्यानंतर पाच महिन्यांनी प्रसिद्ध झाली. तिचा संपादक प्रस्तुत लेखकच होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पहिल्याच सभेत आम्ही पृष्ठसंख्या, लेखांचे विषय, जाहिरातींचे दर, छायाचित्रे, प्रकाशनाचा दिवस असे सर्व काही ठरवून टाकले होते. त्यानंतर नऊ महिने प्रत्येक जण आपापल्या घरी आपापले काम करीत राहिला. मुद्रिते हाती आली तेव्हा कळले की, एकाच विषयावर तीन लेख आले आहेत, पहिल्या प्रमुख धर्मगुरूंविषयी एक ओळही नाही आणि दिवंगतांच्या यादीत एका हयात आजोबांचे नाव आहे. आजोबांनी ते हसण्यावारी नेले; त्यांच्या सुनेने नाही.

पुढे एके दिवशी माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आमच्याच धर्मग्रामातील एका तरुणीने मला विचारले, “फादर, नऊ महिन्यांत तुम्ही एकही पान तयार झालेलं पाहिलं नाहीत? आमच्याकडे पंधरा दिवस झाले की काहीतरी दाखवावंच लागतं.” हा प्रश्न मनात रुतून बसला. ज्या पद्धतीविषयी ती बोलत होती तिला ‘अ‍ॅजाइल’ म्हणतात. अ‍ॅजाइल म्हणजे चपळ, सहज वळणारे. मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी ‘स्प्रिंट’, ‘स्क्रम’ हे शब्द सतत असतात. घरातील वडीलधाऱ्यांना आणि धर्मगुरूंनाही त्यांचा अर्थ ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ कोठे आहे?

इमारत बांधताना आधी आराखडा, मग पाया, मग भिंती, शेवटी रंग, असा क्रम असतो. संगणक प्रणालीही प्रारंभी याच क्रमाने तयार केल्या जात. ग्राहकाला काय हवे ते एकदाच लिहून घ्यायचे, संपूर्ण आराखडा करायचा, मग प्रणाली लिहायची आणि अगदी शेवटी ती तपासायची. धबधब्याचे पाणी वर चढत नाही, तसे यात मागे फिरणे नसते. म्हणून या रीतीला ‘वॉटरफॉल’ हे नाव पडले. गमतीची गोष्ट अशी की, ज्यांच्या १९७० सालच्या निबंधातील आकृतीमुळे ही रीत प्रसिद्धीस आली, त्या विन्स्टन रॉइस यांनी त्याच निबंधात अशा सरळसोट पद्धतीतील धोका दाखवून दिला होता. लोकांनी आकृती उचलली, इशारा तेथेच राहिला. असे भाष्यकारांच्या बाबतीत नेहमीच घडते.

१९८६ साली हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी छायाप्रत यंत्रे, कॅमेरे व मोटारी बनविणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास करून एक लेख लिहिला. शर्यतीतील दांडी एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी तसे काम पुढे न सरकवता, रग्बीच्या संघाप्रमाणे सर्वांनी मिळून चेंडू पुढे नेला तर नवी वस्तू लवकर व चांगली तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. रग्बीत खेळाडू खांद्याला खांदा भिडवून रेटा लावतात, त्याला ‘स्क्रम’ म्हणतात. जेफ सदरलंड व केन श्वाबर यांनी १९९५ साली हेच नाव देऊन एक कार्यपद्धती मांडली. त्यानंतर ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या डोंगरातील ठिकाणी सतरा तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा तयार केला. त्याचा आशय थोडक्यात असा : कार्यरीती व साधनांपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद अधिक मोलाचा, जाडजूड दस्तऐवजांपेक्षा प्रत्यक्ष चालणारी प्रणाली, कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाचे सहकार्य आणि योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक मोलाचे. योजना किंवा कागदपत्रे नकोतच, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. हा गैरसमज मात्र फार पसरला आहे. काहींना तो सोयीचाही वाटतो.

काम कसे चालते?

प्रथम करावयाच्या कामांची यादी होते. तिला ‘बॅकलॉग’ म्हणतात. या यादीत सर्वात मोलाचे काम सर्वात वर असते आणि हा क्रम ठरविण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर असते. क्रम समितीने ठरवायचा म्हटले की सगळीच कामे पहिल्या क्रमांकाची होतात, हे धर्मग्राम परिषदेत बसलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. मग संघ यादीच्या वरच्या भागातून, एका ठरावीक मुदतीत पूर्ण होईल एवढेच काम उचलतो. ही मुदत म्हणजे ‘स्प्रिंट’. ती एक महिन्यापेक्षा मोठी नसावी असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी ती दोन आठवड्यांची असते. किती काम पेलेल हे वरिष्ठ सांगत नाहीत, काम करणारेच ठरवितात. हे विशेष महत्त्वाचे आहे. संघही लहान असतो, साधारणतः दहा किंवा त्याहून कमी माणसांचा.

दररोज पंधरा मिनिटांची एक भेट होते, बहुधा उभ्यानेच, कारण बसले की सभा लांबते. काल काय झाले, आज काय करणार आणि अडचण कोणती, एवढेच तेथे बोलायचे असते. तिसरा प्रश्न खरा. अडचण सांगितली गेली की ती दूर करणे हे ‘स्क्रम मास्टर’चे काम. नावात ‘मास्टर’ असला तरी तो साहेब नसतो. संघाच्या वाटेतील दगड उचलणारा सेवक, असे त्याचे स्वरूप मानलेले आहे. पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटू नये.

मुदत संपली की तयार झालेला भाग, मग तो कितीही लहान असो, ज्यांच्यासाठी केला त्यांना दाखविला जातो. त्यानंतर संघ स्वतंत्रपणे बसून काय केले यापेक्षा कसे केले याचा विचार करतो. संत इग्नाती यांनी दुपारी व रात्री करावयास सांगितलेल्या विवेकतपासणीची येथे मला आठवण होते. फरक इतकाच की, येथे ती सर्वांनी मिळून करायची असते. आणि धोकाही तोच, की माणूस स्वतःची सोडून शेजाऱ्याची तपासणी करू लागतो. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या तिसऱ्या प्रकरणात, महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलावून त्यांचे मत ऐकावे, कारण प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्यालाच उत्तम मार्ग प्रकट करतो, असा निर्देश आहे. सहावे शतक आणि संगणक कंपनी यांचा तसा काही संबंध नाही, पण मानवी स्वभाव दोन्हीकडे तोच आहे.

एक बोलके उदाहरण

अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेला आपल्या कागदी नस्त्या संगणकावर आणायच्या होत्या. पहिल्या प्रकल्पावर सुमारे १७ कोटी डॉलर्स खर्च होऊन २००५ साली तो सोडून द्यावा लागला. २००६ साली ‘सेंटिनेल’ हा दुसरा प्रकल्प सुरू झाला. २०१० पर्यंत सुमारे ४५ कोटी डॉलर्सच्या तरतुदीपैकी ४० कोटींहून अधिक रक्कम संपली आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले. तेव्हा संस्थेने सूत्रे स्वतःकडे घेतली, लहान संघ नेमला आणि दोन-दोन आठवड्यांच्या मुदतींनी काम सुरू केले. ठरविलेला दिवस याही वेळी हुकला. परंतु जुलै २०१२ मध्ये प्रणाली सर्व कर्मचाऱ्यांच्या वापरात आली. आधीच्या वर्षांत कोणी आळशी नव्हते. चूक कोठे होत आहे हे वेळेवर दिसण्याची सोय मात्र नव्हती.

आम्ही कुटुंब नोंदवही संगणकावर आणण्याचे ठरविले, तेव्हा हीच रीत अवलंबिली. सर्व धर्मग्रामाचे अर्ज एकदम छापले नाहीत. पहिल्या पंधरवड्यात एकाच लघु ख्रिस्ती समूहातील वीस कुटुंबांची नोंद पूर्ण करून ती कार्यालयातील सेवकाला वापरायला दिली. दुसऱ्याच दिवशी त्याने तीन उणिवा दाखविल्या. कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचेच नाव स्वीकारले जात होते, त्यामुळे विधवा भगिनींची घरे नोंदविता येत नव्हती. आखातात नोकरीस असलेल्यांना घरचे मानावे की बाहेरचे, हे ठरलेले नव्हते. तिसरी उणीव म्हणजे, स्नानसंस्कार दुसऱ्या धर्मग्रामात झालेला असेल तर ते लिहायला जागाच नव्हती. वीस घरांत हे कळले, म्हणून वीसच अर्ज दुरुस्त करावे लागले. एका विधवा माउलीने आपले नाव पहिल्या ओळीत पाहिले आणि ती बराच वेळ त्या कागदावर बोट ठेवून बसली.

भिंतीवर एक फलक लावला आहे. त्यावर ‘करायचे’, ‘चालू’ व ‘झाले’ असे तीन रकाने आणि त्यांत चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या. ही कल्पना जपानच्या टोयोटा कारखान्यातील ‘कानबान’ पद्धतीतून आलेली आहे. ‘चालू’च्या रकान्यात एका वेळी तीनहून अधिक चिठ्ठ्या नकोत, असा आमचा नियम. तो सर्वाधिक वेळा मी मोडला आहे.

सावधानता

ही पद्धत सर्वत्र लागू पडत नाही. चर्चच्या छताचे काँक्रीट अर्धे ओतून लोकांचे मत घेता येत नाही आणि लग्नाची तारीख दर पंधरवड्याला बदलता येत नाही. अंतिम रूप आधीच नेमके ठाऊक असेल, तेथे सरळ आराखड्यानुसार जाणेच शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कबुलीजबाबाच्या बाकाबाहेर, सहज गप्पांतही, तरुण मला सांगतात की पंधरा मिनिटांची भेट पाऊण तासाच्या हजेरीत रूपांतरित झाली आहे. फलकावरील चिठ्ठ्या मोजून माणसांचे गुण ठरतात. एक स्प्रिंट संपली की उसंत न मिळता दुसरी सुरू होते आणि शुक्रवारी रात्री दिलेले काम रविवारची मिस्सा गिळून टाकते. ज्या जाहीरनाम्याच्या नावाने हे चालते, त्याच्याच बारा तत्त्वांत, सर्वांना दीर्घकाळ टिकविता येईल अशीच कामाची गती असावी, हे एक तत्त्व आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, ही शिकवण स्पष्ट केली. संघाने स्वतः ठरविलेल्या कामात वरून भर पडत असेल, तर ‘हे आमच्या यादीत नव्हते, ते घ्यायचे तर दुसरे कोणते काढू?’ असे नम्रपणे विचारण्याचा अधिकार ही पद्धतच देते. आमच्या त्या तरुणीने तो वापरून पाहिला. पहिल्या वेळी साहेब रागावले. दुसऱ्या वेळी त्यांनी एक चिठ्ठी काढून घेतली.

नोंदवहीचे काम अजून चालू आहे. पुढच्या पंधरवड्यात समुद्रकाठचा विभाग घ्यायचा आहे. तेथील घरे बोटी किनाऱ्याला लागल्यावरच भेटतात, म्हणून भेटीच्या वेळा मच्छीमार बांधवांनीच ठरविल्या आहेत.