तंजावरचे वैद्य आणि लठ्ठ मुलें

बडोदेकरांना तंजावर परकें नाहीं. १८८० सालीं तेथील एक कन्या सयाजीराव महाराजांच्या राणी, पहिल्या चिमणाबाई, होऊन येथें आल्या आणि त्यांच्यामागून भरतनाट्याचे कलावंतही आले. तिकडची सिद्ध वैद्यकी मात्र आपल्या ओळखीची झाली नाहीं.

आतां ती निराळ्याच वाटेनें येत आहे. माझ्या गायनवर्गांत एक अकरा वर्षांचा मुलगा आहे. गळा गोड, पण अंग फार सुटलेलें. तान अर्ध्यावर येते तों धाप लागते आणि मागचीं मुलें हंसतात. परवां त्याच्या आईनें एक पुडी दाखविली. 'सिद्ध चूर्ण, महिन्यांत चरबी साफ' एवढेंच तिच्यावर छापलेलें. आंत कोणत्या वनस्पती, किती प्रमाणांत, याचा पत्ता नाहीं.

"मास्तर, देऊं का?"

"वहिनी, हें राहूं द्या," मीं म्हटलें.

मी दरबारी गवयाचा मुलगा, वैद्य नव्हे. जुन्या गवयांचें पोट ही बैठकीची शोभा समजत, तें सोडा. पण ज्या तंजावरांत सरफोजीराजांनीं धन्वंतरी महाल स्थापून औषधांचे अनुभव तपासून घेतले आणि ते तमिळ पद्यांत लिहवून ठेवले, तेथील विद्येच्या नांवावर असली निनांवी पुडी खपावी, हें मला सोसवत नाहीं.

सिद्ध वैद्यही वात, पित्त आणि कफ मानतात; तमिळांत वळी, अळल, ऐयम. लठ्ठपणा ते मुख्यतः कफाच्या वाढीचा समजतात, आणि पहिला उपाय ताटांत करतात. त्रिफळेसारखीं चूर्णें त्यानंतर. शिवाय सिद्ध औषधांत पारा, गंधक, लोह यांचीं भस्मेंही असतात; तीं मुलाला परस्पर देणें हा खेळ नव्हे. चेन्नईजवळ तांबरमला राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे, तेथें बालरोगांची शाखाच वेगळी आहे. शिकलेला वैद्य मूल तपासल्यावांचून औषध देणार नाहीं. आणि खरें सांगायचें तर, अशा चूर्णांनीं मुलांची चरबी हटते हें मोठ्या, कसून केलेल्या परीक्षांनीं अजून ठरलेलें नाहीं. उंची खुंटलेली असेल किंवा वजन एकाएकीं वाढलें असेल, तर आधीं बालरोगतज्ज्ञ गांठावा.

वाढत्या मुलाला उपाशी ठेवूं नये. पुष्कळदां वजन आहे तेवढेंच राहूं द्यावें. उंची वाढते तसें अंग आपोआप बेताचें होतें.

मग खायला काय द्यावें? तमिळ घरांतून म्हणतात, वाळलेल्याला तीळ, लठ्ठाला कुळीथ. तांदुळाच्या जागीं कधीं कोद्रा, कधीं वरी, कधीं राळा. आणि कुळथाचें रसम. कुळीथ रात्रीं भिजवून मऊ शिजवावे, वरचें पाणी काढून त्यांत मिरीं, जिरें, लसूण ठेंचून घालावीं, किंचित् चिंच, आणि फोडणीला तेल नांवापुरतें. खालचे शिजलेले दाणे टाकूं नयेत, पोट त्यांनींच भरतें. आपलें कुळथाचें पिठलेंही चालेल, मात्र वर तेलाची धार नको, आणि मागून बाटलींतलें गोड सरबतही नको.