स्वीट ड्रीम्स बेबी!

अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन (१९२३–९७) याचे पॉप कलासंप्रदायातील प्रसिद्ध मुद्राचित्र. १९६५ मध्ये सिल्कस्क्रीन पद्धतीने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून कागदावर रंग उतरवून, ते निर्माण करण्यात आले. ‘इलेव्हन पॉप आर्टिस्ट्स’ या मुद्राचित्रसंचाच्या तिसऱ्या खंडात ते समाविष्ट असून त्याची आवृत्ती २०० प्रतींची होती. ठोसा मारणारी मूठ आणि त्या आघाताने मागे फेकला गेलेला पुरुषाचा चेहरा, एवढाच त्याचा विषय. जाड काळ्या बाह्यरेषा, उजळ रंगांची सपाट क्षेत्रे, आघाताचा आवाज सुचविणारी भली मोठी अक्षरे व संवादफुगा यांमुळे ते कॉमिकमधील एखादी सुटी चौकट वाटते.

सामान्य वस्तूला कलेत स्थान देण्याच्या या प्रवृत्तीचे मूळ दादावादात आढळते. मार्सेल द्यूशाँने १९१७ मध्ये मुतारीचे तयार भांडे कलाकृती म्हणून मांडले. कुर्ट श्विटर्सने १९४७ मधील एका चिक्कणितचित्रात कॉमिकची कात्रणे योजिली. लंडनमध्ये रिचर्ड हॅमिल्टनने १९५६ मध्ये जाहिराती व मासिकांतील चित्रे एकत्र आणली. अमेरिकेत मात्र पॉप कलेला अमूर्त अभिव्यक्तिवादाविरुद्धच्या प्रतिक्रियेचेही रूप होते. त्या पंथाने कुंचल्याच्या उत्स्फूर्त फटकाऱ्यात चित्रकाराचे अंतरंग पाहिले. लिक्टेनस्टाइनने यंत्राची निर्विकार रेषा पसंत केली.

कॉमिकच्या स्वस्त छपाईत फिक्या छटा ठिपक्यांनी दाखवीत. बेंजामिन डे (१८३८–१९१६) या अमेरिकन मुद्रकाच्या नावावरून त्यांना ‘बेन डे ठिपके’ म्हणतात. पांढऱ्या कागदावरील बारीक तांबडे ठिपके दुरून एकजीव होऊन गुलाबी त्वचेचा आभास निर्माण करतात. ‘लुक मिकी’ (१९६१) या चित्रापासून लिक्टेनस्टाइनने हे ठिपके कॅनव्हासवर हाताने व पुढे सच्छिद्र पत्र्याच्या साहाय्याने रंगविले. आकार वाढताच ते एकजीव होईनात. अशा रीतीने नजरेआड राहावे असे तंत्रच चित्राचा विषय बनले. ‘स्वीट ड्रीम्स बेबी!’मध्ये छपाईतून कॅनव्हासवर आलेली ही भाषा पुन्हा छपाईकडे परतली. मात्र आता ती मर्यादित प्रतींच्या कलावस्तूची भाषा होती.

या स्थित्यंतरातून मौलिकतेचा प्रश्न उद्‌भवतो. ‘व्हाम!’ (१९६३) हे चित्र अर्व्ह नोव्हिकने, तर ‘ड्राउनिंग गर्ल’ (१९६३) हे टोनी अब्रुझोने रेखाटलेल्या कॉमिक-चौकटीवर आधारलेले आहे. दुसऱ्या चित्रात होडीला धरून असलेला प्रियकर वगळून लिक्टेनस्टाइनने सर्व भर लाटांत बुडणाऱ्या युवतीवर दिला. अशी पुनर्रचना हेच त्याचे कर्तृत्व, असे समर्थक मानतात. तथापि चित्रकाराचे नाव संग्रहालयांत पोहोचले, मूळ रेखाटनकार मात्र दीर्घकाळ अनामिकच राहिले, हा टीकाकारांचा आक्षेपही तितकाच रास्त आहे.